येते सगळे, पण गुण मिळत नाहीत : दहावीच्या गणिताविषयी वाचकांचे प्रश्न

नववी-दहावीच्या गणिताविषयी अडचणी कळवाव्यात, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेली बहुतेक पत्रे एकाच दुखण्याची आहेत : मुलाला गणित येते, पण परीक्षेत गुण दिसत नाहीत. गोव्यातील एका माध्यमिक विद्यालयात मी तीस वर्षांहून अधिक काळ गणित शिकवले आणि त्या काळात हजारो उत्तरपत्रिका हाताखालून गेल्या. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की, मध्यम आणि हुशार मुलांचे गुण न येणाऱ्या गणितांत फारसे जात नाहीत. ते येणाऱ्या गणितांतच जातात. म्हणून खालील उत्तरांत, शिकलेले गणित तीन तासांत कागदावर नीट कसे उतरवावे, यावरच मी भर दिला आहे. सारख्या अडचणींची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. घरी तो पाठ्यपुस्तकातील एकही गणित सोडत नाही आणि त्यांतली बहुतेक बरोबर येतात. सहामाहीत मात्र शंभरांपैकी एकसष्टच गुण पडले. पेपर हातात आल्यावर म्हणाला, "आई, सगळे येत होते, सिली मिस्टेक झाल्या." दर वेळी हेच उत्तर मिळते. त्याला आणखी सराव द्यावा, की ट्यूशन बदलावी? (एक पालक, डिचोली)

उत्तर : ताई, ट्यूशन बदलण्याआधी एक संध्याकाळ मुलाबरोबर बसा आणि त्याच्या मागील दोन-तीन परीक्षांच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका समोर घ्या. 'सिली मिस्टेक' हे एका चुकीचे नाव नाही. चार-पाच निरनिराळ्या चुकांवर घातलेले ते एकच पांघरूण आहे, आणि ते काढल्याशिवाय औषध कोणते द्यायचे हे कळत नाही. गेलेला प्रत्येक गुण कशामुळे गेला, हे मुलाने स्वतःच्या हाताने एका वेगळ्या वहीत लिहावे : प्रश्नातील आकडा चुकीचा उतरवला, चिन्ह चुकले, विचारले एक आणि काढले दुसरे, पायरी गाळली, की मुळात रीतच ठाऊक नव्हती. माझा अनुभव असा की, दोन-तीन पेपरांतच प्रत्येक मुलाची एक ठरावीक खोड उघडी पडते. एका विद्यार्थ्याचे सात-आठ गुण केवळ त्याचा स्वतःचा ६ त्याला पुढच्या ओळीत ० दिसत असे म्हणून जात होते. त्याला सरावाची नव्हे, ६ चे शेपूट मोठे काढण्याची गरज होती.

सर्वांत अधिक गुण चिन्हांत जातात, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. क्ष² − ५क्ष − १४ = ० हे वर्गसमीकरण सूत्राने सोडवताना विवेचक, म्हणजे मधल्या सहगुणकाच्या वर्गातून पहिल्या व शेवटच्या सहगुणकांच्या गुणाकाराची चौपट वजा करून येणारी संख्या, काढावा लागतो. येथे मुले २५ − ५६ = −३१ असे लिहितात आणि 'वास्तव मुळे नाहीत' असे म्हणून मोकळी होतात. वास्तविक शेवटचे पद −१४ आहे, म्हणून २५ − ४ × १ × (−१४) म्हणजे २५ + ५६ = ८१, आणि मुळे ७ व −२ येतात. ही चूक टाळण्याचा उपाय साधा आहे : सूत्रात किंमत घालताना ऋण संख्या कंसातच लिहायची, मग ती कितीही सोपी दिसो. दुसरा उपाय त्याहून मोलाचा वाटतो. पहिल्या आणि शेवटच्या पदांच्या सहगुणकांची चिन्हे परस्परविरुद्ध असतील, तर विवेचक धन येणारच. म्हणजे −३१ दिसताक्षणी मुलाच्या हातातील पेन थांबले पाहिजे. उत्तर आल्यावर मुळांची बेरीज ५ आणि गुणाकार −१४ येतो का, हे पाहायला दहा सेकंदही लागत नाहीत. आपल्या जुन्या शिक्षकांनी प्रत्येक गणिताचा 'ताळा' पाहण्याची जी शिस्त लावली होती, ती हीच.

समीकरण सोडवताना होणाऱ्या एका चुकीची जबाबदारी मात्र आम्हा शिक्षकांवर येते. 'इकडची संख्या तिकडे नेली की चिन्ह बदलते' हे वाक्य आपण मुलांच्या तोंडी बसवतो. ते जादूच्या मंत्रासारखे बसले की, मूल ३क्ष = −१२ या ठिकाणी ३ पलीकडे नेताना चिन्हही बदलते आणि क्ष = ४ असे लिहून ठेवते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही असेच शिकवले, आणि त्याची मला आजही खंत वाटते. पलीकडे काहीही जात नसते. आपण दोन्ही बाजूंना तीच क्रिया करत असतो, येथे दोन्ही बाजूंना ३ ने भागतो. आपल्या मुलाच्या वहीत चिन्हाच्या चुका अधिक दिसल्या, तर पंधरा दिवस त्याने प्रत्येक ओळीशेजारी 'दोन्ही बाजूंना भागले', 'दोन्ही बाजूंतून वजा केले' असे लिहावे. आरंभी कंटाळा येईल, पण पंधरा दिवसांनी लिहिण्याची गरज उरणार नाही.

विचारले एक आणि काढले दुसरे, ही चूक हुशार मुलांची आहे. मोठ्या वर्तुळखंडाचे क्षेत्रफळ विचारलेले असताना लहान वर्तुळखंडाचे काढून ती थांबतात. मुलाचे आजचे वय विचारलेले असते आणि उत्तरात पाच वर्षांपूर्वीचे असते. प्रश्न वाचताना शेवटी जे काढायचे आहे त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी, आणि उत्तराचे वाक्य लिहिण्यापूर्वी त्या रेघेकडे पुन्हा एकदा पाहावे. याच जातीतली आणखी एक चूक सांगतो. 'क·क्ष² − २क·क्ष + ५ = ० या वर्गसमीकरणाची मुळे समान असतील, तर क काढा' असा प्रश्न असतो. मुळे समान म्हणजे विवेचक शून्य, म्हणून ४क(क − ५) = ० यावरून क = ० किंवा ५ येते, आणि बरीच मुले दोन्ही किमती लिहून देतात. क शून्य घेतला तर समीकरणात ५ = ० एवढेच उरते, म्हणून ती किंमत सोडून द्यावी लागते. ती का सोडली हे एका वाक्यात लिहिले पाहिजे, कारण प्रश्नकर्त्याने तो प्रश्न त्याच वाक्यासाठी घातलेला असतो. लांबी, वय किंवा वेग ऋण आल्यावर ती किंमत गाळताना लिहायच्या कारणालाही हेच लागू आहे.

आणखी सराव द्यावा का, असे आपण विचारता. चुकांची वही भरल्यानंतर द्यावा, त्याआधी नको. त्याच चुकीसह केलेल्या शंभर गणितांनी ती चूकच पक्की होते.

प्रश्न : सर, मी दहावीत आहे. माझे लेखन नीटनेटके आहे, पण पेपर कधीच पूर्ण होत नाही. दर वेळी दहा-बारा गुणांचे प्रश्न तसेच राहतात. आधी सोपे सोडवावेत, की क्रमाने जावे? (एक विद्यार्थिनी, काणकोण)

उत्तर : तुझ्या पत्राचे अक्षर पाहूनच वेळ कुठे जात असेल, याचा थोडा अंदाज आला. नीटनेटकेपणा सोडू नकोस, पण त्याची जागा ठरव. संपूर्ण प्रश्न उत्तरपत्रिकेत उतरवून काढण्याची गरज नाही. प्रश्नक्रमांक आणि दिलेली माहिती पुरते. आकृती प्रमाणात काढण्याचे प्रश्न वेगळे असतात. इतर ठिकाणी पट्टीने काढलेली स्वच्छ कच्ची आकृती चालते. चूक झाली तर खोडरबर किंवा व्हाइटनर शोधत बसू नकोस, एक आडवी रेघ मार आणि पुढे लिही.

आता हिशेब कर. समजा, पेपर ८० गुणांचा आणि ३ तासांचा आहे. १८० मिनिटांतून आरंभी वाचनासाठी १० आणि शेवटी ताळा पाहण्यासाठी २० मिनिटे काढून ठेवली, तर १५० उरतात. म्हणजे एका गुणाला दोन मिनिटांहून किंचित कमी आणि ३ गुणांच्या प्रश्नाला सुमारे साडेपाच मिनिटे मिळतात. हा हिशेब घड्याळ लावून घरी आठ-दहा वेळा अनुभवलास, की साडेपाच मिनिटे किती असतात हे हाताला कळू लागते. ३ गुणांच्या प्रश्नावर आठ मिनिटे गेली आणि वाट दिसत नसेल, तर तिथे अर्धे पान कोरे सोड, प्रश्नपत्रिकेवर खूण कर आणि पुढे जा. अडलेल्या प्रश्नाशी हट्टाने झुंजणे हा घरच्या अभ्यासातला मोठा गुण आहे, पण परीक्षेत त्याची किंमत पुढच्या दोन सोप्या प्रश्नांनी मोजावी लागते.

सोपे आधी की क्रमाने, याला सर्वांसाठी एक उत्तर नाही. एका विभागातील प्रश्न शक्यतो एकत्र राहतील असे पाहावे आणि विभाग मात्र आपल्या सोयीने निवडावेत, अशी माझी शिफारस आहे. एका ठिकाणचा प्रश्न दुसऱ्याच ठिकाणी लिहिला आणि त्याचा क्रमांक चुकला, तर तपासणाऱ्याला तो शोधावा लागतो. आरंभ मात्र खात्रीच्या प्रश्नानेच कर, कारण पहिले गणित सुटले की मन शांत होते.

बराच वेळ लांब रीत निवडल्यामुळेही जातो, विशेषतः सांख्यिकीत. ०–१०, १०–२०, २०–३०, ३०–४०, ४०–५० असे वर्ग आहेत आणि वारंवारता अनुक्रमे ५, ८, १५, १६, ६ आहेत, असे समज. थेट रीतीने मध्य (सरासरी) काढायचा तर ५, १५, २५, ३५, ४५ या वर्गमध्यांना त्या त्या वारंवारतेने गुणून २५ + १२० + ३७५ + ५६० + २७० = १३५० अशी बेरीज करावी लागते, आणि तिला ५० ने भागल्यावर २७ मिळतात. तेच २५ हा गृहीतमध्य धरून −२, −१, ०, १, २ या वर्गांतराने, म्हणजे १० ने, भागलेल्या विचलनांनी केले, तर −१० − ८ + ० + १६ + १२ = १० एवढीच बेरीज येते; १० भागिले ५० गुणिले १० म्हणजे २, आणि २५ + २ = २७. काम अर्ध्याहून कमी झाले आणि चुकण्याच्या जागाही कमी झाल्या. प्रश्नात विशिष्ट रीत सांगितली असेल, तर अर्थातच तीच वापरली पाहिजे.

याच सारणीत मध्यक काढताना होणारी एक चूक लक्षात ठेव. एकूण ५० चे अर्धे २५. संचित वारंवारता ५, १३, २८ अशा जातात, म्हणून मध्यकवर्ग २०–३०. सूत्रात त्याच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता म्हणजे १३ घालायची असते, आणि उत्तर २८ येते. घाईत त्याच वर्गाची २८ घातली, तर उत्तर १८ येते. १८ हे मध्यकवर्गात बसतच नाही, म्हणून ते पाहताक्षणी चूक कळायला हवी. मध्यक मध्यकवर्गातच असतो, संभाव्यता ० ते १ यांच्या बाहेर जात नाही, आणि काटकोन त्रिकोणात कर्णाहून लांब बाजू नसते. ही राखणदार वाक्ये मनात असली की, शेवटच्या वीस मिनिटांत पूर्ण गणित पुन्हा न करताही चुकीचे उत्तर हाती लागते.

प्रश्न : आमची मुलगी चौथीपर्यंत सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकली आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात गेली. घरी कोंकणी, पाढे मराठीत, पुस्तक इंग्रजीत. नुसत्या आकड्यांची गणिते ती भराभर करते, पण शाब्दिक उदाहरण आले की गोंधळते. 'आता इंग्रजीतच विचार करायला शिक,' असे तिला कुणी कुणी सांगतात. तिचे मराठी पाढे मोडावेत का? (एक पालक, पेडणे)

उत्तर : मुळीच मोडू नयेत. हा प्रश्न आपल्या एकट्याच्या घरचा नाही. गोव्यातील कितीतरी मुले याच तीन भाषांच्या वाटेने दहावीपर्यंत येतात, आणि त्यांच्या अडचणीकडे आपण जेवढे द्यायला हवे तेवढे लक्ष दिलेले नाही, असे मला मनापासून वाटते. 'सात आठे छप्पन्न' हे लहानपणी जिभेवर बसलेले असते. ते विचार न करता येते, म्हणूनच ते उपयोगाचे असते. ते उखडून पंधराव्या वर्षी दुसऱ्या भाषेत पुन्हा रुजवण्यात वेळ वाया जाईल आणि वेगही जाईल.

दोन ठिकाणी मात्र सावध राहावे. आपल्या संख्यांच्या नावांत एकक आधी उच्चारले जाते : पस्तीस म्हणताना पाच आधी, त्रेपन्न म्हणताना तीन आधी. मनात मराठीत म्हणत घाईने लिहिताना ३५ चे ५३ होते, आणि असे मी कित्येक उत्तरपत्रिकांत पाहिले आहे. दुसरे म्हणजे 'एकोण'ची घराणी : एकोणसाठ म्हणताना कानावर 'साठ' राहते आणि ५९ ऐवजी ६९ लिहिले जाते. कच्च्या कामात दोन अंकी संख्या लिहिल्यावर ती एकदा डोळ्यांनी वाचून पाहण्याची सवय लावली, तर ही चूक राहत नाही.

आता शाब्दिक उदाहरणांकडे वळू. येथे तिची मराठी ही अडचण नाही, उलट तोच तिचा आधार होऊ शकतो. 'फाइव्ह लेस दॅन ट्वाइस अ नंबर' हे वाक्य इंग्रजीत डावीकडून उजवीकडे वाचत गेले की, मुलांच्या हातून ५ − २क्ष लिहिले जाते. तेच मराठीत म्हणून पाहा : 'एका संख्येच्या दुपटीहून पाचाने कमी.' आधी संख्या, मग तिची दुप्पट, मग पाच कमी. म्हणजे २क्ष − ५. मराठी वाक्याचा क्रम बीजगणिताच्या क्रमाशी जुळतो, म्हणून असे वाक्य आले की तिने ते मनात मराठीत किंवा कोंकणीत फिरवून घ्यावे आणि मगच समीकरण मांडावे. इंग्रजीतच विचार कर असे सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण अशा ठिकाणी त्यांचा सल्ला उलटा पडतो.

शब्दसंग्रहासाठी तिला एक छोटी वही करायला सांगा. 'रेशिओ' म्हणजे गुणोत्तर, 'टॅन्जंट' म्हणजे स्पर्शिका, 'सेक्टर' म्हणजे वर्तुळपाकळी हे शब्द त्यात असावेतच. पण खरे गुण जातात ते लहान, रोजच्या वाटणाऱ्या शब्दांत. 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे अनुक्रमे, 'एक्सीड्स' म्हणजे अमुक इतक्याने जास्त असणे, 'कॉन्सेक्युटिव्ह' म्हणजे क्रमागत. 'हेन्स' म्हणजे नुसते 'म्हणून' नव्हे. प्रश्नात तो शब्द आला, तर आधीच्या भागाचे उत्तर वापरूनच पुढचा भाग सोडवायचा असतो. 'ॲट लीस्ट' म्हणजे कमीत कमी. दोन फासे टाकले असता 'ॲट लीस्ट वन सिक्स' मिळण्याची संभाव्यता विचारली, तर दोन्हींवर ६ येणेही त्यात मोजायचे, म्हणून उत्तर ११/३६ येते. 'एक सहा' एवढेच वाचणारी मुले १०/३६ लिहितात. ही वही पंधरा-वीस पानांहून मोठी होणार नाही. परीक्षेत उत्तराचे शेवटचे वाक्य मात्र तिच्या शाळेच्या माध्यमाच्या भाषेत, इंग्रजीत लिहावे, आणि त्यासाठी 'देअरफोर द हाइट ऑफ द टॉवर इज' अशा सात-आठ वाक्यांचा सराव पुरेसा होतो.

प्रश्न : पाय २२/७ घ्यावा की ३.१४? (एक विद्यार्थी, वास्को)

उत्तर : प्रश्नात जे दिले असेल ते घ्यावे. काहीच दिले नसेल, तर त्रिज्या पाहा : ७, १४, २१, ३.५ असेल तर २२/७, आणि १० किंवा २० असेल तर ३.१४ सोयीचे पडते. एकाच गणितात दोन्ही वापरू नयेत. उत्तर पायच्या रूपात मागितले असेल, तर किंमत घालूच नये.

प्रश्न : माझे उत्तर बरोबर होते, तरी चारपैकी दोनच गुण मिळाले. शिक्षकांनी 'पायऱ्या नाहीत' असा शेरा दिला. उत्तर बरोबर असताना पायऱ्या कशाला हव्यात? (एक विद्यार्थी, फोंडा)

उत्तर : उत्तरपत्रिका तपासणारी व्यक्ती तुझ्या डोक्यात पाहू शकत नाही; तिला कागदावर जेवढे दिसते तेवढ्याच आधारावर गुण देता येतात. चार गुणांच्या गणितात ते चारही शेवटच्या ओळीसाठी नसतात. आकृती, सूत्र, किमती घालणे, आकडेमोड आणि एककासह उत्तर अशा टप्प्यांत ते विभागलेले असतात. याची दुसरी बाजू विद्यार्थ्यांच्या ध्यानात येत नाही : पायऱ्या लिहिल्या असतील, तर शेवटी आकडेमोड चुकूनही बरेचसे गुण हाती राहतात. नुसते उत्तर लिहिणाऱ्याला मात्र, ते चुकले की काहीच मिळत नाही. म्हणून पायऱ्या तुझ्याच संरक्षणासाठी आहेत.

तू फोंड्याचा आहेस, म्हणून ओळखीचेच उदाहरण घेऊ. देवळाच्या प्रांगणात उभा राहून तू दीपस्तंभाच्या टोकाकडे पाहतोस, तेव्हा उन्नतकोन ४५ अंशांचा आहे. सरळ ८ मीटर मागे गेल्यावर तो ३० अंशांचा होतो. तर दीपस्तंभाची उंची किती? प्रथम आकृती काढ, आणि तिच्यात दूरच्या बिंदूवर लहान कोन आला आहे ना, हे पाहा. तो उलटा पडला, तर पुढचे सगळे शुद्ध गणितही व्यर्थ जाते. उंची उ मानली, हे लिही. जवळच्या त्रिकोणात टॅन ४५ = १, म्हणून जवळचे अंतरही उ. दूरच्या त्रिकोणात टॅन ३० वरून उ भागिले (उ + ८) बरोबर १/√३. येथून √३उ = उ + ८, म्हणून उ = ८/(√३ − १). छेदाचे परिमेयीकरण केल्यावर उ = ४(√३ + १).

आता √३ = १.७३ घाल : ४ × २.७३ = १०.९२ मीटर. हीच किंमत आधीच्या ओळीत घातली असतीस, तर ८ भागिले ०.७३, म्हणजे १०.९६ आले असते. एकच गणित आणि एकच किंमत असूनही उत्तर वेगळे आले, कारण छेदात घातलेल्या अंदाजी किमतीतली लहानशी त्रुटी भागाकारात वाढते. करणी शेवटपर्यंत करणीच ठेवावी आणि दशांश अगदी शेवटच्या ओळीत घालावा. शेवटी 'दीपस्तंभाची उंची १०.९२ मीटर आहे' असे पूर्ण वाक्य लिही, आणि मनात विचार : दीपस्तंभ सुमारे अकरा मीटर उंच असणे पटते का? पटते. १०९ मीटर आले असते, तर पटले नसते.

भूमितीच्या प्रमेयांत पायरीइतकेच तिचे कारण महत्त्वाचे असते. 'त्रिकोण समरूप आहेत' एवढे लिहून भागत नाही. कोणत्या कसोटीने, आणि शिरोबिंदूंची संगती कोणत्या क्रमाने, हे लिहावे लागते. क्रम चुकला की बाजूंची गुणोत्तरे चुकतात आणि पुढचे संपूर्ण उत्तर कोसळते. पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता या चार शीर्षकांखाली लिहिण्याची जुनी पद्धत मला आजही सर्वोत्तम वाटते, कारण ती लिहिता लिहिताच काय दिले आहे आणि काय सिद्ध करायचे आहे, हे विद्यार्थ्याला स्वतःला स्पष्ट होते.

प्रश्न : परीक्षेला महिना राहिला आहे. नवीन गाइड आणावे का? त्यातच आमच्या वाड्यावर शिगम्याचा मेळ निघेल, रात्रभर ढोल वाजतील. मुलाला मावशीकडे पाठवावे का? (एक पालक, सत्तरी)

उत्तर : नवीन गाइड आणू नये. शेवटच्या महिन्यात अनोळखी पुस्तक उघडले की, न येणारी गणिते समोर येतात आणि मुलाचा धीर खचतो. पाठ्यपुस्तकातील सोडवलेली उदाहरणे पुस्तक झाकून पुन्हा करावीत, चुकांची वही रोज पंधरा मिनिटे वाचावी, आणि आठवड्यातून दोन पूर्ण पेपर परीक्षेच्याच वेळेला, सकाळी, टेबलाशी बसून सलग सोडवावेत. पलंगावर बसून, मध्ये उठून सोडवलेल्या पेपराचा वेळेच्या अंदाजासाठी काही उपयोग होत नाही. पेपर सोडवल्यावर त्याच दिवशी तपासावा, कारण दुसऱ्या दिवशी आपण तसे का लिहिले हे आठवत नाही.

शिगम्यासाठी मुलाला घरापासून दूर पाठवावे, असे मला वाटत नाही. अनोळखी अंथरुणावर झोप लागत नाही, आणि मेळ चुकल्याची हुरहुर अभ्यासात बसू देत नाही. ज्या दिवशी मेळ दारात येईल, त्या संध्याकाळी त्याला तासभर जाऊ द्या आणि त्या दिवसाचा पेपर सकाळीच उरकून घ्या. गणिताच्या पेपराच्या आदल्या रात्री मात्र ढोल असो वा नसो, त्याला मागच्या खोलीत लवकर झोपवा. त्या रात्री एकही नवे गणित सोडवू देऊ नका. सूत्रांचे पान एकदा डोळ्यांखालून घालून कंपास पेटी, दोन पेनी, टोक काढलेली पेन्सिल, पट्टी आणि हॉल तिकीट त्याच्याच हातांनी पिशवीत भरून ठेवायला सांगा.